खड्ड्याला मीठ

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या अलीकडं,
तळमजल्यावर टायपिंग क्लास होता.
आता तिथं डायलिसिसच्या चार खुर्च्या बसणार.
वाळिंबे डॉक्टरबाईंनी भिंतींना पिस्ता रंग दिलाय,
एसी नवे, टाइल्स नव्या,
मला म्हणाल्या, वायरिंगवर फक्त एक नजर टाका,
तीन पिनांचंच आहे सगळं.

आहे. तीन पिनांचंच आहे.
मी सागवानी बोर्ड खोलला.
पाठीवर पेन्सिलीत: दौलत कासार, १९८३.
फेज आली होती, न्यूट्रल आली होती,
तिसऱ्या भोकामागं हिरवी वायर
वीतभर, दुमडून सारलेली,
पाहुण्यांसमोर नको म्हणून आत बसवलेल्या पोरासारखी.

पुढच्या तीन बोर्डांत ती गेली होती पुढं,
मोरीच्या नळाला, तांब्याच्या तारेचे चार वेढे मारून.
तेव्हा नळ लोखंडी होता, जमिनीत जायचा.
मग कधीतरी कुणीतरी प्लास्टिकचा पाइप घातला
आणि त्या दिवशी अख्खी इमारत
जमिनीवरून सुटली.
पाणी मात्र येत राहिलं.

ते वेढे मी ओळखले.
उलटे मारलेले, डावखुऱ्याचे.
दौलतमामा उजवा होता.
डावा मी. वय सोळा, रोज आठ रुपये,
आणि मामा शिडीवरून:
बांध नळाला, उरक,
पुढच्या महिन्यात खड्डा मारू.

एक मुलगी होती, कुंदा की कुमुद, लोणकरांची.
म्हणाली, मशीनला हात लावला की मुंग्या येतात.
सरांनी तिच्या पायाखाली फळी दिली.
त्या फळीवर पाय ठेवून ती चाळीस शब्दांची परीक्षा पास झाली.
आम्ही हसलो होतो.

वाळिंबेबाईंना कागदावर काढून दाखवलं.
त्या म्हणाल्या, एवढासा करंट माणसाला कळत तरी असेल का?
कोरड्या बोटाला नाही कळत, म्हटलं.
पण तुमच्या खुर्चीतल्या माणसाचं रक्त
नळीतून बाहेर येऊन परत आत जाणार.
कातडी म्हणजे माणसाचं कुंपण,
आणि तुम्ही चार तास फाटक उघडं ठेवणार.
बाई बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या.
उद्घाटन पंधरा दिवस पुढं गेलं.

मागच्या बोळात खणायला घेतलं.
दोन फूट राडारोडा: कौलं, बांगड्यांच्या काचा,
टाइपरायटरची एक कळ, अक्षर पुसलेली.
मग मुरूम.
मग चार फुटांवर काळा पाषाण,
ज्याच्यापुढं पहार नुसती वाजते.
यल्लाप्पानं ड्रिल आणलं. दिवसभर राखाडी धूळ.
पहिल्या रॉडला मीटर म्हणाला अडतीस ओहम.
दुसऱ्याला जोडून अकरा.
तिसरा रॉड वीस फुटांवर, ओल लागेपर्यंत,
मीठ, कोळसा, पाणी, दोन दिवस दम:
शून्य पॉइंट नऊ.
मी मीटरच्या तारा काढून परत लावल्या.
शून्य पॉइंट नऊ.

चौकशीला आलेले उस्मानभाई तांबोळी
पायरीवर बसून बघत होते,
मनगटाच्या वर शिरेचा फुगवटा, दोरखंडासारखा.
म्हणाले, आम्हाला चिमूट बंद अन् याला पोतंभर मीठ?
आणि पाणी?
म्हटलं, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या.
मोजून?
नाही, न मोजता.
ते जरा थांबले. मला दिवसाला एक लिटर आहे, म्हणाले,
चालेल. माझ्या वाटणीचं पिऊ दे त्याला.

टाइलवाला झाकणावरून फरशी घालायला निघाला होता.
त्याला थांबवलं.
झाकणावर लाल रंगानं लिहिलं: पाणी घाला.
खाली नाव घालावं का, ते ठरेना.
डाव्या हातानं तारीख तेवढी टाकली.